कणगीतली रात्र

बालमित्रांनो, रात्री भीती वाटली की तुम्ही काय करता? डोक्यावरून पांघरूण घेता? आजीच्या कुशीत शिरता? की "मी नाही बाबा घाबरत!" असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगता? आज एका मोठ्या माणसाच्या भीतीची गोष्ट ऐका. ती त्यानं स्वतःच सांगितलेली आहे.

त्याचं नाव इब्न बतूता. जन्म १३०४ सालचा, मोरोक्को देशातल्या तंजिअर गावचा. देश पाहत पाहत तो दिल्लीला आला. सुलतान महंमद तुघलकानं त्याला काझी, म्हणजे न्यायाधीश नेमलं. पुढं १३४२ साली त्याच्यावर मोठी कामगिरी सोपवली. कोणती? चीनच्या बादशहाकडे नजराणा घेऊन जायचं! शंभर जातिवंत घोडे, उंची कापडं, आणि बंदरापर्यंत सोबतीला हजार स्वार. एवढा लवाजमा असल्यावर कसली भीती, असं वाटतं ना?

पण दिल्ली सोडून फार दिवस झाले नव्हते, तोच कोलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, चकमक उडाली. त्या धुमश्चक्रीत इब्न बतूता एकटा पडला. धनुष्यबाणवाल्या टोळीनं त्याला पकडलं, जवळचं सगळं काढून घेतलं. त्याला मारून टाकायचंही ठरलं होतं. पण त्यांच्यातल्याच काहींना दया आली आणि तो सुटला.

सुटला खरा, पण जाणार कुठं? मुलूख अनोळखी. माणूस दिसला की लपायचं. पोटाला काय, तर रानातली बोरं आणि पाला. एका विहिरीवर पाणी होतं, पण पोहरा नव्हता. मग त्यानं पायातला बूट कापडाला बांधून आत सोडला. बूट सुटून पडला विहिरीत! दुसरा बूट बांधला, तेव्हा कुठं तहान भागली. कालपर्यंत सुलतानाचा वकील असलेला माणूस, बरं का!

अशात एका संध्याकाळी तो एका ओसाड गावात पोचला. तिथं धान्य साठवायची रांजणासारखी मोठी भांडी होती. आपल्याकडे कणगी असते ना, तसलीच समजा. एकीला खाली माणूस शिरेल एवढं भोक होतं. हा आत शिरला. आत गवताचा चुरा आणि एक दगड. दगडाची उशी करून आडवा झाला. तेवढ्यात वर फडफड सुरू झाली! एक पाखरू बसलं होतं. जवळजवळ रात्रभर ते पंख फडफडवत होतं. इब्न बतूता सांगतो की बहुतेक तेही घाबरलेलं असावं. म्हणजे त्या जागी आम्ही दोघं होतो, आणि दोघंही भ्यालेले.

मला त्याची ही गोष्ट फार आवडते. आपण अंधारात ज्याला भितो, ते बिचारं आपल्यालाच भीत असतं. सहलीला आपण देवगिरीच्या किल्ल्यावर जातो. तिथली अंधारी तुम्हांला माहीत आहे. अंधारीत वटवाघळं फडफडली की पोरं एकमेकांचे हात घट्ट धरतात. पण त्यांच्या घरात आरडाओरडा करत शिरलो कोण? आपणच की!

पुढं आठवडाभराच्या वणवणीनंतर इब्न बतूताला एक वाटसरू भेटला. त्यानं पाणी पाजलं, भाजलेले हरभरे आणि थोडा भात दिला. याला चालवेना, तेव्हा चक्क खांद्यावर घेऊन गावापर्यंत नेलं. मग तो आपल्या माणसांत परतला आणि पुन्हा कामगिरीवर निघाला. त्या वाटेवरच तो आपल्या दौलताबादला, म्हणजे देवगिरीला आला. छत्रपती संभाजीनगर तेव्हा नव्हतंच. मलिक अंबरनं खडकी वसवली ती १६१० साली. इथली द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, हे त्यानं नोंदवलंय. किल्ल्यावर चढायची चामड्याची शिडी रात्री वर ओढून घेत, हेही.

आणि उंदीर! मांजरापेक्षा मोठे, मांजरंच त्यांना भितात, असं तो म्हणतो. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, ती घूस असेल!" मलाही तसंच वाटतं. मलिक खत्ताब नावाच्या सरदारानं त्याला आपली हकीकत सांगितली. किल्ल्यातल्या 'उंदरांच्या खड्ड्यात' तो कैदेत होता. रात्री उंदीर अंगावर येत, हा जिवाच्या आकांतानं त्यांना हाकली. स्वप्नात कुणी तरी सांगितलं म्हणून तो कुराणातला एक छोटा अध्याय लाख वेळा म्हणाला. शेजारच्या खड्ड्यातला कैदी आजारी पडला, त्याला उंदीर हाकलता येईनात, आणि त्यातच तो गेला. ते कळल्यावर सुलतानानं खत्ताबला बाहेर काढवलं.

पाहा मुलांनो, एका भीतीत नुसती फडफड होती, दुसरीत खरे दात होते. अंधारात ते लगेच ओळखू येत नाही, म्हणून भीती वाटणारच. तिची लाज कशाला? इब्न बतूतानं प्रवासाचा ग्रंथ लिहवून घेतला, तो १३५५ साली पुरा झाला. तेव्हा तो मानाचा माणूस होता. कणगीतली रात्र गाळली असती, तर कुणाला कळलं असतं? पण त्यानं ती सांगितली. आपण मात्र वर्गात कुणी "मला भीती वाटते" म्हणालं, की "भित्री भागूबाई!" म्हणून मोकळे होतो. मग ते पोर पुन्हा कधी सांगत नाही. खरे दात असलेली भीतीसुद्धा सांगत नाही. हे फार वाईट.

आज रात्री जेवताना एक करा. घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, "तुम्ही कधी खूप घाबरला होतात?" ते सांगतील ती गोष्ट नीट ऐका, हसू नका. मग तुमची सांगा.