शिक्षकाचा आत्मविश्वास

भूमितीचें एकच प्रमेय तीनदां समजावून दिल्यावरहि नववीच्या वर्गांतील निम्मीं मुलें कोऱ्या मुद्रेनें पाहत राहिलीं, तर शिक्षकाच्या मनांत काय येत असेल? एक म्हणतो, "हीं मुलेंच मठ्ठ." दुसरा म्हणतो, "आपली रीत चुकली. उद्यां निराळ्या वाटेनें जाऊं." दोघांची पदवी एक, वेतनहि एक, परंतु वर्षअखेर त्यांच्या वर्गांत अंतर पडतें, असें आमचें मत आहे.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. अमेरिकेंतील रँड या संस्थेनें लॉस एंजेलिस येथील शाळांतील वाचन-शिक्षणाची पाहणी करून १९७६ सालीं ती प्रसिद्ध केली. तींत शिक्षकांस विचारलें होतें कीं, मुलाचें सारें घरच्या परिस्थितीवरच अवलंबून असतें, कीं मनापासून झटल्यास अवघड विद्यार्थ्यापर्यंतहि आपण पोंचूं शकतों? ज्यांचा स्वतःच्या प्रयत्नांवर विश्वास अधिक, त्यांच्या विद्यार्थ्यांची प्रगतीहि अधिक आढळली. पुढें १९७७ सालीं आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानें अशा विश्वासाचे चार उगम सांगितले : स्वतःस आलेलें यश, दुसऱ्याचें पाहिलेलें यश, इतरांचे धीराचे शब्द, आणि त्या वेळची आपल्या देहमनाची अवस्था.

यांतील चौथ्या उगमाशीं, ज्यास हल्लीं भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात, तिचा निकट संबंध आहे. आपला राग या मुलावरचा नसून सकाळच्या घरगुती कटकटीचा आहे, हें ज्यास ओळखतां येतें, तो छडी उगारीत नाहीं. आणि वर्गांत छाती धडधडली म्हणून स्वतःस नालायकहि ठरवीत नाहीं. हें शिक्षकानेंच शिकावयाचें आहे. त्यांत आम्हीं सबबी सांगूं नयेत.

परंतु तिसरा उगम पालकांच्या हातीं आहे. रात्रीं जेवतांना मुलादेखत "तुमच्या मास्तरांना कांहीं येत नाहीं" असें बोललें जातें. दुसऱ्या दिवशीं तें वाक्य वर्गांत मुलाच्या डोळ्यांत वाचावयास मिळतें. तक्रार करूंच नये, असें आम्ही म्हणत नाहीं. ती शाळेंत येऊन, शिक्षकासमोर करावी. तिनें रीत सुधारते. पाठीमागच्या बोलण्यानें केवळ धीर खचतो.

विद्यार्थ्यांकडूनहि मोठ्या समारंभाची अपेक्षा नाहीं. आमच्यांतील एकास तास संपल्यावर एका मुलानें दाराशीं थांबून "सर, आज समजलें" एवढेंच सांगितलें. त्यांनीं तोच धडा त्याच रीतीनें दुपारीं दुसऱ्या तुकडीसहि शिकविला.