मेजवानीतले डाव

चिनी मेजवानी म्हटली की डोळ्यांसमोर येतात ते वाफाळलेले पदार्थ, चहाची किटली आणि सराईतपणे चालणाऱ्या चॉपस्टिक्स! पण जुन्या चीनमध्ये पाहुण्यांना पोटभर जेवू घातले म्हणजे यजमानाचे कर्तव्य संपले, असे नव्हते. जेवणासोबत खेळ हवा, खेळाला नियम हवेत आणि हरणाऱ्याला मद्याचा पेला हवा. वरवर गमतीच्या वाटणाऱ्या या खेळांत कधी मान, कधी राज्य, तर कधी प्राणही पणाला लागत.

त्यातला सर्वांत जुन्यांपैकी एक खेळ म्हणजे ‘थौहू’. चिंचोळ्या गळ्याच्या सुरईत ठरावीक अंतरावरून नुसत्या हाताने बाण टाकायचे. हा एक प्रकारे तिरंदाजीचाच घरगुती अवतार. ‘लीजी’ या प्राचीन आचारग्रंथात त्याचे नियम सांगितले आहेत. यजमानाने खेळाचे आमंत्रण द्यायचे, पाहुण्याने नम्रपणे नाही म्हणायचे, यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, मगच बाण उचलायचा. हरणाऱ्यानेही पेला आदराने स्वीकारायचा!

पण एवढे सगळे शिष्टाचार असूनही कधीकधी प्रकरण हातघाईवर येई. इसवी सनापूर्वी ५३० मध्ये छी राज्याचा अधिपती जिन राज्याच्या नव्या अधिपतीच्या भेटीला गेला. मेजवानीत थौहू सुरू झाला. जिनच्या एका मंत्र्याने जाहीर केले की, आमच्या राजाचा नेम लागला तर तो सर्व राजांचा अग्रणी होईल. नेम लागला. मग छीच्या अधिपतीने बाण उचलला आणि आपला नेम लागला तर उत्कर्षाची पाळी आता आपली, असे बजावले. त्याचाही नेम लागला! जिनचे दरबारी अस्वस्थ झाले. आपले नेतृत्व सर्वांना मान्य असताना ते एका सुरईवर कशाला लावायचे, म्हणून एकाने त्या मंत्र्याची कानउघाडणी केली. वातावरण तापताना पाहून छीचा एक सरदार लगबगीने आत आला. उशीर झाला आहे, महाराज दमले असतील, असे म्हणत त्याने आपल्या धन्याला बाहेर काढले. ‘त्सो चुआन’ या इतिहासग्रंथात ही हकीकत नोंदलेली आहे.

इसवी सनापूर्वी २०६ मधली हुंगमेनची मेजवानी तर याहून भयंकर. सेनापती श्यांग यूने आपला प्रतिस्पर्धी लिऊ पांग याला जेवायला ठेवून घेतले. करमणूक म्हणून श्यांग च्वांग तलवारीचे नृत्य करू लागला. खरा बेत होता नाचता नाचता लिऊ पांगला ठार मारण्याचा! हे ओळखून श्यांग यूचा काका श्यांग पो हाही तलवार उपसून नाचू लागला आणि त्याने पाहुण्याला आपल्या अंगाआड घेतले. पुढे प्रातर्विधीचे निमित्त करून लिऊ पांग निसटला. चार वर्षांनी तोच सम्राट झाला. त्याच्या हान घराण्याची सत्ता मधला थोडा खंड वगळता सुमारे चारशे वर्षे टिकली. कपटाने दिलेल्या आमंत्रणाला चिनी भाषेत आजही ‘हुंगमेनची मेजवानी’ म्हणतात.

सुदैवाने सगळ्याच मेजवान्या अशा नव्हत्या. इसवी सन ३५३ च्या वसंतात, आजच्या शाओशिंग शहराजवळ, सुप्रसिद्ध सुलेखनकार वांग शीची याने चाळीसहून अधिक मंडळी जमवली. सगळे वळणावळणाच्या ओढ्याकाठी बसले. पाण्यावर मद्याचे पेले सोडले. पेला ज्याच्यासमोर थांबेल त्याने कविता करायची, नाही जमली तर तीन पेले दंड! सव्वीस जणांनी कविता रचल्या. न जमलेल्यांत वांगचा धाकटा मुलगाही होता. तो तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. पुढे तोही मोठा सुलेखनकार झाला. या कवितांना वांगने लिहिलेली प्रस्तावना चिनी सुलेखनाचा मुकुटमणी मानली जाते. तिची मूळ प्रत थांग सम्राट थायत्सुंगने आपल्याबरोबर थडग्यात नेली, अशी समजूत आहे. आज उरल्या आहेत त्या केवळ नकला.

थांग काळातल्या पंक्तींत नशिबाचा खेळही रंगे. १९८२ मध्ये च्यांगसू प्रांतात चांदीची, सोन्याचा मुलामा दिलेली एक कासवाची मूर्ती सापडली. तिच्या पाठीवरच्या नळकांड्यात पन्नास पट्ट्या होत्या. प्रत्येकीवर कन्फ्यूशियसच्या ‘वचनसंग्रहा’तले एक वाक्य आणि खाली हुकूम, म्हणजे कोणी प्यायचे, किती प्यायचे, कोणाला माफी. दूरच्या मित्राच्या आगमनाचा आनंद सांगणाऱ्या वचनाखाली मुख्य पाहुण्याला अर्धा पेला! पुढे १०७२ मध्ये इतिहासकार सिमा क्वांगने थौहूचे नियम नव्याने लिहिले. नेम चुकून लागण्यापेक्षा हात स्थिर असण्याला त्याने अधिक मोल दिले.

आज नववर्षाला चिनी कुटुंबे जेवण आटोपून १४४ सोंगट्यांचा माजाँग मांडतात. पंगतीत कोणी थोरला असो वा धाकटा, पट्टी निघाली की हुकूम मानायचा आणि पेला थांबला की कविता म्हणायची, हा जुना दंडक. ज्या मेजवानीत तो पाळला गेला, तिथून पाहुणे हसत घरी गेले. हुंगमेनला मात्र पाहुण्याला पळच काढावा लागला!