तेल आपले, विद्या कोणाची?

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात, १९७४ मध्ये तेल सापडले. स्वावलंबी राष्ट्राचे ते स्वप्न होते. परंतु भूगर्भातील दाब ओसरला की तेल आपोआप वर येत नाही. खडकात पाणी दाबून, विहिरीत वायू सोडून ते उचलावे लागते. खरी कसोटी तेथेच लागते. ‘मुंबई हाय’चे घटते उत्पादन सावरण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ब्रिटनच्या ‘बीपी’ची निवड केली. साहाय्य घेण्यात कमीपणा नाही. मात्र ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या देशाने वाढीव तेलाबरोबर ती विद्याही आपल्या अभियंत्यांच्या पदरात पाडून घेतलीच पाहिजे. अन्यथा पुढील पिढीलाही परक्याच्याच दारी जावे लागेल.