शिळा टिकली, घरं का पडली?

जबलपूरला पाहुणा आला की त्याला मदनमहालच्या टेकडीवरची ‘बॅलन्सिंग रॉक’ दाखवतात. एका खडकावर दुसरा प्रचंड खडक जेमतेम टेकलेला. १९९७च्या भूकंपातही ही शिळा पडली नाही, हे सांगणारा हमखास जोडतो. पीएचडीसाठी इथे आल्यापासून मी ते कितीदा तरी ऐकलं आहे. त्या भूकंपात कोण मेलं, हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

२२ मे १९९७च्या पहाटे सहाच्या आसपास तीव्रतेचा धक्का बसला. चाळीसेक माणसं गेली. सर्वांत जास्त पडझड झालेल्या गावांत शहराजवळचं कोसमघाट होतं. नर्मदेच्या खोऱ्यातली भ्रंशरेषा का हलली, हे भूगर्भशास्त्र सांगेल. मातीच्या भिंती आणि डोक्यावर कौलांचं ओझं असलेल्या घरात कोण राहतं आणि का, हे आपण समाजशास्त्रवाल्यांनी सांगायचं आहे.

मराठी वाचकाला किल्लारी आठवेल. ३० सप्टेंबर १९९३. श्रीमंताचा दगडी वाडाही त्या पहाटे कोसळला. पण पुनर्वसनात नवं घर मिळालं ते जमिनीच्या मापानं: भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत शेती असणाऱ्याला ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. ज्याचं जेवढं गेलं तेवढं दिलं, असं कुणी म्हणेल. पण डोक्यावर छप्पर ही गरज आहे, ती सातबाऱ्यावर कशी मोजायची? आणि पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्यांच्या नावावर सातबारा होता तरी किती जणांच्या? शासनाच्या निकषात ‘जात’ हा शब्द नव्हता. त्याची गरजही पडली नाही.

२००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचं कलम ६१ मदतवाटपात लिंग, जात, समुदाय, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. कलम महत्त्वाचं आहे, पण जमिनीच्या मालकीबद्दल ते गप्प आहे. म्हणजे किल्लारीचं माप आजही लावता येईल.

मदतीच्या आधीचा प्रश्न यादीचा. १९ जुलै २०२३च्या रात्री रायगडमधली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकूर आदिवासींची डोंगरातली वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि शोध थांबला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारनंच विधानसभेत सांगितलं.

आपल्यापैकी अनेक जण अशाच वाडी-वस्तीतले पहिले पदवीधर आहोत. अर्ज कसा लिहायचा, हे आपल्याला येतं. कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती आराखडा करावा लागतो. तो मागवा. त्यात आपली वस्ती वेगळी नोंदवली आहे का, की फक्त मूळ गावाचं नाव आहे, ते बघा. नसेल तर दरड कुठून येते, पाणी कुठवर चढतं, किती घरं कच्ची आहेत, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढा. ते ग्रामसभेत वाचा आणि ठरावात नोंदवून घ्या. पावसाळ्याआधी.