मागणीपत्र: परदेशात बस्तान बसवणाऱ्या सीमाभागातील कुटुंबांसाठी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव

प्रत माहितीसाठी: मा. प्रादेशिक आयुक्त, बेळगाव विभाग, मा. आयुक्त, बेळगाव महानगरपालिका, मा. तहसीलदार, निपाणी

विषय: परदेशी गेलेल्या व जाणाऱ्या रहिवाशांना लागणारे दाखले, प्रमाणीकरण व मार्गदर्शन जिल्ह्यातच आणि ठरलेल्या मुदतीत मिळण्याबाबत

महोदय,

खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, वडगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत ज्या घरांतली माणसे नोकरी, शिक्षण किंवा लग्नाच्या निमित्ताने परदेशी गेली आहेत, त्या घरांच्या संघटनेचे हे मागणीपत्र आहे. आमच्यात आखातातले वेल्डर, फिटर व वाहनचालक आहेत. युरोप-अमेरिकेतल्या परिचारिका, अभियंते व विद्यार्थी आहेत. त्यांचे इथे राहिलेले आईवडीलही आहेत. तोंडी आश्वासने पुष्कळ झाली, आता लेखी उत्तर हवे. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार हे निवेदन आम्ही मराठीत देत आहोत.

विमान सुटले म्हणजे स्थलांतर पुरे झाले, असे होत नाही. तिथे बायको-मुलांना बोलावायचे, मुलाला शाळेत घालायचे, गाडी चालवायचा परवाना काढायचा, तर बहुतेक कामांना इथला एखादा कागद लागतो. तो इथे अडला की तिथला संसार अडतो. परदेशी सरकारांच्या नियमांबद्दल आमचे आपल्याकडे काही मागणे नाही. जे कागद याच जिल्ह्यात तयार होतात, त्यांच्यापुरत्याच या मागण्या आहेत.

१. नावातील फरक

सीमाभागात एकाच माणसाचे नाव शाळेच्या दाखल्यावर मराठीत, पालिकेच्या जुन्या नोंदीत कन्नडमध्ये आणि आधार-पासपोर्टवर इंग्रजीत असते. लिपी बदलताना एखादे अक्षर बदलते. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत माहेरच्या आणि सासरच्या नावांची भर पडते. परदेशी कार्यालय त्या दोन नावांची दोन माणसे धरते आणि कुटुंबाचा व्हिसा थांबतो.

मागणी: प्रतिज्ञापत्र व ओळखीचे दोन पुरावे घेऊन ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असा दाखला तहसीलदारांनी १५ कामकाजाच्या दिवसांत इंग्रजीतही द्यावा. केवळ लिप्यंतराचा फरक असेल तर राजपत्रातील प्रसिद्धीची अट घालू नये.

२. जुन्या नोंदी

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या काळच्या आणि नंतरच्याही अनेक शाळांच्या नोंदी मराठीत आहेत. आईवडिलांना बोलावून घेताना नेमक्या याच नोंदी लागतात. खासगी भाषांतर सगळीकडे चालत नाही. काहींची जन्मनोंदच नाही. अशी उशिराची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १३ खाली करता येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, वर्ष उलटून गेलेल्या नोंदींचा आदेश देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

मागणी: ज्या कार्यालयाची नोंद, त्यानेच तिची प्रमाणित इंग्रजी प्रत १० कामकाजाच्या दिवसांत द्यावी. ते शक्य नसेल तेथे मान्य भाषांतरकारांची यादी व पानाचा दर फलकावर लावावा. कलम १३ खालील अर्जांसाठी प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दिवस नेमावा.

३. प्रमाणीकरणासाठी बेंगळुरूची वारी

भारत २००५ पासून हेगच्या अपोस्टिल करारात आहे. संयुक्त अरब अमिरात, कुवेत यांसारख्या करारात नसलेल्या देशांसाठी वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. दोन्ही बाबतींत आधी राज्य पातळीवरचे प्रमाणीकरण लागते आणि त्यासाठी आमची माणसे सुमारे ५०० किलोमीटरवरच्या बेंगळुरूला जातात, नाहीतर दलालाच्या हाती मूळ कागद सोपवतात. मजुराचा रोज बुडतो आणि मूळ कागद गहाळ होण्याची धास्ती राहते.

मागणी: २०१२ मध्ये उद्घाटन झालेल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात आठवड्यातून दोन दिवस शैक्षणिक व वैयक्तिक कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाचा कक्ष चालवावा, असा प्रस्ताव आपण राज्य शासनाला पाठवावा. इमारत उभी आहे. गरज आहे ती अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची, शिक्क्याची आणि वेळापत्रकाची.

४. भरती करणारे दलाल

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे. त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येते. गावोगावचे बिननोंदणीचे मध्यस्थ याहून किती तरी जास्त रक्कम पावतीशिवाय घेतात. सांगितलेले काम एक आणि तिथे पोहोचल्यावर मिळालेले काम दुसरे, ही तक्रार आमच्याकडे सतत येते. कर्ज काढून गेलेला माणूस पहिल्याच महिन्यात कोंडीत सापडतो.

मागणी: नोंदणीकृत एजंटांची यादी आणि शुल्काची मर्यादा प्रत्येक तालुका कचेरीत व पोलीस ठाण्यात मराठी व कन्नडमध्ये लावावी. बिननोंदणीच्या भरतीची तक्रार आल्यास सात दिवसांत प्राथमिक चौकशी व्हावी आणि तिचा निष्कर्ष तक्रारदाराला लेखी कळवावा.

५. जाण्यापूर्वीचे मार्गदर्शन

प्रवासी भारतीय विमा योजनेत १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आहे. अडचणीत परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ही माहिती ज्याला हवी त्याच्यापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य संरक्षण योजनेनुसार, जिथे त्यांची संख्या १५ टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्यायच्या आहेत.

मागणी: दर महिन्याला बेळगाव व निपाणी येथे एकेक दिवसाचा वर्ग मराठीत घ्यावा. करारपत्र वाचणे, पासपोर्ट स्वतःजवळ ठेवणे, घरभाड्याचा करार, बँक खाते, आजारपणातील खर्च आणि भारतीय वकिलातीशी संपर्क हे विषय त्यात असावेत.

६. मुले

जाताना लसीकरणाची इंग्रजी नोंद मागितली जाते. परत येणाऱ्या मुलाची अडचण वेगळीच असते. वडिलांची आखातातली नोकरी सुटते तेव्हा शाळेचे वर्ष मध्यावर असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार वयाच्या दाखल्याअभावी किंवा उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. राज्यघटनेचे कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करायला सांगते.

मागणी: तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी लसीकरणाचा इंग्रजी दाखला पाच कामकाजाच्या दिवसांत द्यावा. परतलेल्या मुलाला सात दिवसांत वर्गात बसवावे. पालकांची इच्छा असल्यास मराठी माध्यमात.

७. मागे राहिलेले आईवडील

घरपट्टी, वारसनोंद, भाडेकरू, बँक यांसाठी मुलगा किंवा मुलगी परदेशातून मुखत्यारपत्र पाठवते. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. हे वेळेवर कोणी सांगत नाही, मुदत जाते आणि वृद्धांना हेलपाटे पडतात.

मागणी: कागदपत्रांची यादी व मुदत दर्शवणारा मराठी फलक प्रत्येक उपनिबंधक कार्यालयात लावावा. परदेशात मृत्यू, अपघात किंवा अटक झाल्यास वकिलातीशी पत्रव्यवहार करणारा एक अधिकारी जिल्हाधिकारी कार्यालयात नावानिशी नेमावा.

व्यवहार्यता व मुदत

यातली कोणतीही मागणी नवा कायदा मागत नाही. राज्याच्या २०११ च्या ‘सकाल’ कायद्यात सेवेची मुदत चुकल्यास दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईची तरतूद आहे. वरील दाखले त्या यादीत यावेत, ही शिफारस आपण करावी. भाषांतराची परिभाषा, मार्गदर्शन वर्गासाठी परदेशात राहून आलेले जाणकार आणि अर्ज भरून देणारे स्वयंसेवक आमची संघटना विनामोबदला पुरवील.

या पत्राला ३० दिवसांत मागणीनिहाय लेखी उत्तर द्यावे: काय मान्य, काय अमान्य, कोणत्या कारणाने. मागण्या १, ५ व ७ आपल्याच अधिकारात बसतात. त्यांची अंमलबजावणी ९० दिवसांत व्हावी. बाकीच्यांचे प्रस्ताव त्याच मुदतीत राज्य शासनाकडे जावेत. उत्तर न आल्यास माहिती अधिकारात प्रत्येक मागणीची स्थिती मागू आणि आपल्या कार्यालयासमोर शांततेने धरणे धरू.

परदेशी गेलेला माणूस या जिल्ह्याचा रहिवासी म्हणूनच गेला. त्याची जन्मनोंद, शाळा आणि घरपट्टी अजून इथेच आहे. त्याचे काम याच जिल्ह्याने, ठरलेल्या मुदतीत केले पाहिजे.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद
खडेबाजार, बेळगाव