काहीच झालं नाही!

आमच्या किन्हीराजात 'बोट' म्हणजे हाताला असतं ते. शिडाची बोट मी पहिल्यांदा पाहिली ती इंजिनिअरिंग संपल्यावर, गोव्याच्या ट्रिपमध्ये, तीही लांबूनच. तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या माणसाने बोटीवर लिहिणं म्हणजे जरा आगाऊपणाच. पण शनिवार आहे, कपडे मशीनमध्ये टाकलेत, तर लिहितोच.

२९ मे २०२५ ला नौदलाची 'तारिणी' गोव्याला परत आली. लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला निघाल्या आणि शिडांच्या जोरावर पृथ्वीला फेरी मारून आल्या. बातम्यांमध्ये लाटा, वादळं, केप हॉर्न सगळं आलं. माझ्या डोक्यात मात्र भलताच किडा: जवळजवळ आठ महिने त्या बोटीवर केर कोण काढत होतं? संडास कोण घासत होतं?

हसू नका. मी मग या विषयावर हाताला लागेल ते वाचत सुटलो. शिडाच्या बोटीवर राहणं म्हणजे निम्मा वेळ सावरासावर आणि दुरुस्ती. पहिला शत्रू वादळ नाही, मीठ! गादीवर, कपड्यांवर मीठ बसलं की ते हवेतला ओलावा ओढत राहतं. वस्तू धड वाळतच नाही, मग बुरशी. गोड्या पाण्याने धुवावं म्हटलं तर ते मोजून वापरायचं.

बोटीच्या तळाशी पाणी साचतं, ते रोज बघायचं. जास्त दिसलं की सरळ चाखायचं! खारं लागलं तर समुद्र आत येतोय, गोडं लागलं तर आपलीच टाकी गळतेय. (इतकं स्वस्त डिबगिंग मी आजवर पाहिलेलं नाही.) बोटीच्या अंगाला पाणी आत-बाहेर करायला भोकं असतात, त्यांचे व्हॉल्व्ह अधूनमधून फिरवले नाहीत तर ते जाम होतात आणि नेमके गरजेच्या वेळी हलत नाहीत. दोर जिथे घासतो ती जागा रोज तपासायची, कारण तो तुटतो एका क्षणात, पण झिजत असतो कित्येक दिवस.

आणि टापटीप. बोट कलली की मोकळा ठेवलेला डबा सरळ अंगावर येतो, म्हणून प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. अंधारात हात घातला की टॉर्च लागलीच पाहिजे. पुठ्ठ्याची खोकी शक्यतो आत न्यायची नाहीत, त्यातून झुरळांची अंडी येतात. डब्यांवरची कागदी लेबलं ओलाव्याने सुटतात, म्हणून मार्करने नाव लिहायचं. नाहीतर राजमा की अननस हे डबा उघडल्यावरच कळणार :-)

एवढं करूनही गोष्टी बिघडतातच. याच तारिणीवरून २०१७-१८ मध्ये सहाजणींनी पहिली परिक्रमा केली, तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये स्टेअरिंगच्या बिघाडामुळे त्यांना मॉरिशसला थांबावं लागलं होतं. दुरुस्ती झाली, २१ मे २०१८ ला त्या गोव्याला पोचल्या. आणि सहा वर्षांनी तीच ५६ फुटी बोट पुन्हा जगाच्या फेरीला निघाली! मला विचाराल तर तारिणीची सगळ्यात मोठी बातमी हीच. धाडसाने बोट एकदा पृथ्वी फिरते. दुसऱ्यांदा फिरते ती देखभालीमुळे.

आता आमच्या हपिसातली गोष्ट. मी सपोर्ट प्रोजेक्टमध्ये आहे. मागच्या वर्षी एका रात्री दोन वाजता क्लायंटची सिस्टिम झोपली. कारण? लॉग फाइल्स साठून डिस्क भरली होती. बोटीच्या तळाचं पाणी महिनोन् महिने कोणी बघितलंच नाही, अगदी तस्संच. सकाळपर्यंत जागून आम्ही ते निस्तरलं, तर वरून कौतुकाचं ईमेल आलं. दर सोमवारी ती डिस्क बघून ठेवणारा कोणी असता तर त्याला काय मिळालं असतं? काहीच नाही, कारण काही घडलंच नसतं. आग विझवणाऱ्याला हार, आग लागूच न देणाऱ्याला 'या वर्षी तुझं काँट्रिब्युशन काय?' अशाने लोक आग लागायची वाट बघायला शिकतात. मीही शिकलो होतो, खोटं कशाला बोलू?

तुम्ही म्हणाल, नुसती देखभाल करून प्रगती होत नाही. मान्य. धक्क्याला बांधून रोज चकाचक पुसलेली बोट कुठेच जात नाही. पण न पुसलेलीही फार लांब जात नाही, आणि तिच्यावर माणसं असतात.

हे सगळं मी आईला फोनवर मोठ्या उत्साहात सांगितलं. दोघीजणी, आठ महिने, रोज झाडलोट, रोज तपासणी, वगैरे. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "अन् मंग आमी तीस वर्षं काय करून राह्यलो बाप्पा?"

गप्प झालो. समुद्रावर या कामाला आपण नौकानयनाचं कौशल्य म्हणतो, पगार आणि पदक देतो. किन्हीराजात त्यालाच घरकाम म्हणतो. धान्यात कडुनिंबाचा पाला घालणं, पावसाळ्याआधी कवेलू चाळून घेणं, कोणता डबा कुठे आहे ते अंधारातही ठाऊक असणं. घर तीस वर्षं बुडालं नाही, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही.

असो. परवा अप्रेझलचा फॉर्म भरायचा होता. 'या वर्षातील महत्त्वाची कामगिरी' या रकान्यात मी लिहिलं: मार्चपासून माझ्या सर्व्हरवर काहीच झालं नाही. मॅनेजर काय म्हणतो ते कळेलच.

मशीन थांबलंय. कपडे वाळत घालायला हवेत.