अर्ज कोणाच्या हातचा?

हैदराबादच्या रस्त्यावर एखादा रिक्षावाला 'नक्को' म्हणाला की आम्हा सीमेवरच्या माणसांना घरी आल्यासारखे वाटते. दखनीतला हा 'नक्को' म्हणजे आपलाच 'नको'. 'मैंच बोला', 'वैसाइच है' यांतला जोर देणारा 'च'सुद्धा तिने मराठीकडूनच घेतला. शतकानुशतकांच्या शेजारात बाजारातल्या आणि चुलीजवळच्या भाषा अशा मिसळल्या. त्यासाठी कोणाला शिबिर घ्यावे लागले नाही. अडचण येते ती कागद पुढे आला की! बोलताना कोणालाही न हटणारा आपला माणूस कागदापुढे मुका होतो, आणि या मुकेपणात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे, हे आज स्पष्ट लिहिणे भाग आहे.

जुने हैदराबाद संस्थान आठवा. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्यात होते, पण कचेरीचा कारभार उर्दूचा. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. इंग्रजी बाजूला सारून देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडून ग्रंथच्या ग्रंथ उर्दूत आणले गेले. प्रयोगाचे मोठेपण आम्हाला मान्य आहे. परंतु तेलुगू, मराठी, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य रयतेला ती देशी भाषाही इंग्रजीइतकीच परकी होती. खुद्द हैदराबाद शहरात 1907 साली विवेकवर्धिनी आणि पुढे मराठी साहित्य परिषद उभी राहिली, ती या परिस्थितीतच. खेड्यातल्या माणसाला मात्र कचेरीच्या दारातला अर्जनवीस हाच आधार. आमचे आजोबा त्याला पैसे मोजून दरखास्त लिहून घेत, अंगठा उठवीत आणि आत काय लिहिले आहे ते न कळता घरी परतत.

1 नोव्हेंबर 1956 रोजी संस्थानाचे ते राज्य मोडले. पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, पण जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातली कितीतरी मराठी घरे रेषेच्या पलीकडे राहिली. कचेरीतली उर्दू गेली, तेलुगू आली. अर्ज लिहून देणारा आपला आहे तिथेच राहिला!

त्याच 1956 साली सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350-अ आले. अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. सभांमधून हे कलम आम्ही सारेच उच्चारतो. त्याच्या अगोदरचे कलम 350 मात्र फारसे कोणी सांगत नाही. आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क त्यात प्रत्येकाला दिलेला आहे. हक्क आहे, पण अर्ज लिहायचा कोणी?

येथे आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे. सीमेपलीकडच्या एका गावात मराठी शाळेला शिक्षक नव्हता. समितीच्या वतीने आम्ही पालकांचे तीस अर्ज जमविले आणि हैदराबादेतल्या एका कार्यालयात नेऊन दिले. अधिकाऱ्याने चारपाच अर्ज चाळले आणि शांतपणे विचारले, "हे तीस लोक एकाच हाताने लिहितात का?" अक्षर आमचेच होते. प्रत्येक अर्जात 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' हे वाक्य होते आणि शिक्षक नाही ही गोष्ट सातव्या ओळीवर होती. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये आम्ही कोणाशीही बोललो नाही. अर्जनवीस गेला म्हणतात, पण तो आमच्याच खुर्चीत बसलेला होता.

दुसऱ्या खेपेस आम्ही कागद आणि पेन वाटले आणि बाजूला बसलो. बायकांनी आधी हसून घेतले. "मास्तर, आमचं लिहिणं कोण वाचणार?" असे एकीने विचारलेही. मग तिनेच लिहिले: 'पोरं रोज शाळेत जायलेत. शिकवायला कोणी नाही. दिवाळीला गेलेले सर आलेच नाहीत. दुपारी खिचडी खाऊन पोरं घरी येतात.' चार ओळी. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या. आम्ही त्या दुरुस्त केल्या नाहीत. गावातल्या तेलुगू शाळेत शिकणाऱ्या एका मुलीने खाली तेवढाच मजकूर तेलुगूत लिहिला. हे अर्ज अधिकाऱ्याने शेवटपर्यंत वाचले. पुढे दुसऱ्या शाळेतला शिक्षक आठवड्यातून दोन दिवस येऊ लागला. पूर्ण वेळेची मागणी अजून तशीच आहे.

आता वर्गात काय चालते ते पाहा. 'जायलेत' हा शब्द मुलाने वहीत लिहिला की आम्ही त्यावर लाल रेघ मारतो. दोनतीनदा रेघ पडली की पोरगे बोलायचेही थांबते आणि मार्गदर्शकातला निबंध पाठ करते. 'मी पाहिलेला सूर्योदय' त्याला पानभर येतो. बोअर बंद पडल्याची तक्रार चार ओळींत येत नाही. प्रमाण मराठी शिकवू नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ती आलीच पाहिजे, नाहीतर पुस्तकांचे दार बंद होईल. पण 'जायलेत'वरून 'जात आहेत'वर नेताना मुलाचे तोंड बंद करायचे कारण काय? आधी त्याला सांगू द्यावे, मग लिहू द्यावे, दुरुस्ती सर्वांत शेवटी.

हीच मुले पुढे हैदराबादेत अमीरपेठेच्या क्लासांत पैसे भरून 'कम्युनिकेशन स्किल' शिकतात. थोडक्यात बोला, मुद्द्याचे आधी सांगा, समोरच्याला काय हवे ते ओळखा, असे तिथे शिकवतात म्हणे. बाजारात म्हैस विकणाऱ्या त्यांच्या बापाला हे सगळे येतच होते! असो.

तेलुगूबद्दलही एक शब्द. आपल्यातली काही मंडळी पलीकडच्या मुलांनी तेलुगू शिकण्याकडे शरणागती म्हणून पाहतात. आम्हाला ते पटत नाही. ज्या मुलीने खालचा मजकूर तेलुगूत लिहिला तिच्यामुळे वरचा मराठी मजकूर वाचला गेला.

येत्या महिन्यापासून समितीच्या शाळाभेटीत आम्ही पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलाकडून एक खरा अर्ज लिहून घेणार आहोत: पाण्याचा, बसचा, रेशनचा, ज्याच्या घरी जे अडले असेल त्याचा. नमुना फळ्यावर लिहून दिला जाणार नाही. गावोगावच्या शिक्षकांनी आपल्या वर्गातले असे अर्ज आमच्याकडे पाठवावेत. अक्षर मात्र मुलांचेच असावे.